एका घासाचं पाप

मलकापूरहून महामार्गानं नांदुऱ्याकडे निघालं की वाटेत वडनेर भोलजी लागतं. बुलढाण्याच्या बोलीत हे ‘घाटाखालचं’ गाव. पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. वरवर पाहता याला कोणी कोरडा मुलूख म्हणणार नाही. पण पाऊस जेमतेम सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरातला, तोही चार महिन्यांत येऊन जाणारा. उरलेले आठ महिने जमीन भेगाळत राहते. अशा मुलखात नांगराच्या तावडीतून सुटलेली जागा थोडीच. वावरांचे धुरे, पांदणीच्या दोन्ही कडा, नाल्याचा काठ आणि महसुली कागदावर ‘ई क्लास’ म्हणून लागलेला एखादा तुकडा. बाकीचा महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो, त्याला वऱ्हाड जुन्या जमाबंदीपासून ई क्लासच म्हणत आला आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत ढोरं-बकऱ्या सुटतात, तेवढे दिवस बरे जातात. एरवी गावच्या जनावरांचा सगळा भार या उरल्यासुरल्या जागांवर.

अशा तुकड्यावर उकिडवं बसून पाहिलं तर बोरीचं किंवा हिवराचं गुडघ्याइतकंही नसलेलं झुडूप दिसतं. पहिल्या नजरेला ते यंदाचंच रोप वाटतं. मग बुंधा दिसतो: अंगठ्याएवढा जाड, साल तडकलेली. प्रत्येक फांदीचं टोक खुडलेलं, त्याखाली दोन नवे फुटवे, तेही खुडलेले. वर जाता येत नाही म्हणून झाड आडवं पसरत गेलेलं. ते पाच वर्षांचं असेल, पंधराचंही असू शकेल. मूळ जमिनीत खोल गेलेलं असतं, वरचं शेंड्याचं वाढणं मात्र बकरीच्या तोंडाच्या उंचीवर संपतं. ते मेलेलं नाही, आणि झाड म्हणून ते कधी उभंही राहणार नाही.

याचं पाप कोणाच्या माथी मारायचं?

प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. हिंसा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोघे येतात, मारणारा आणि मरणारा. कुऱ्हाड पडते, झाड कोसळतं, हात कोणाचा ते दिसतं. इथे बकरीनं दोन पानं तोडली आणि ती पुढे गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी बकरी, चार दिवसांनी रस्त्यानं जाणाऱ्या मेंढपाळाचा कळप, उन्हाळ्यात कोणाची तरी गाय. यातला झाडाला संपवणारा घास कोणता, हे कुठल्याही न्यायासनाला सांगता येणार नाही.

आता थोडा हिशेब. समजा, एका उतारावर हजार मोठी झाडं आहेत. वारा, वय, कीड, कुऱ्हाड अशा कारणांनी दर वर्षी शंभरातलं एक जातं आणि नवं एकही मोठं होत नाही. तरी पाचशेवर यायला ६९ वर्षं लागतील, आणि शंभराच्या आसपास यायला २३०. आजोबांनी हजार झाडं पाहिली, नातवानं पाचशे पाहिली. दोघांनाही उतार झाडांनी भरलेलाच वाटला. आणि तरीही ज्या वर्षी शेवटचं रोप बकरीच्या उंचीच्या वर गेलं, त्याच वर्षी त्या उताराचा निकाल लागलेला होता. शाळेचा पट शून्यावर आलेलं गाव मतदारयादीत मात्र भरलेलं दिसतं, तसं हे.

हाच हिशेब उलट बाजूनं मांडला की पेच अधिक घट्ट होतो. हजाराची संख्या टिकवायला वर्षाला फक्त दहा रोपं मोठी व्हावी लागतात. म्हणजे एका झाडामागे शंभर वर्षांत एक वारस पुरतो. झाड मात्र त्या काळात हजारोंनी बिया टाकतं. त्यातल्या जवळजवळ सगळ्या मुंग्या, सुरवंट, वणवा आणि वैशाख संपवणारच असतात. म्हणजे बकरीनं खाल्लेलं कुठलंही एक रोप घेतलं, तर ते बकरी नसती तरी बहुधा मेलंच असतं. प्रत्येक घास जवळजवळ निर्दोष आहे. सगळे घास मिळून मात्र एक अख्खी जात त्या उतारावरून पुसून टाकतात.

असे हिशेब मांडण्याची रीत वनस्पतिशास्त्रात आता मुरली आहे. पी. एच. लेस्ली यांनी १९४५मध्ये प्राण्यांच्या संख्येसाठी वयाप्रमाणे तक्ता मांडला. लेफकोविच यांनी १९६५मध्ये वयाऐवजी अवस्था घेतल्या. झाडांना ते अधिक मानवलं, कारण झाडाचं वय सहजी कळत नाही, अवस्था कळते: बी, अंकुर, रोप, तरुण झाड, फळतं झाड. वर्षभरात प्रत्येक अवस्थेतले किती मेले, किती तिथेच थांबले, किती पुढच्या पायरीवर गेले, हे शेतात बसून मोजायचं आणि तो तक्ता पुन्हा पुन्हा गुणत जायचा. शेवटी एक आकडा हाती येतो. एकाच्या वर असेल तर संख्या वाढते, खाली असेल तर घटते. दीर्घायुषी झाडांत तो ०.९९ असला तरी पुरे; डोळ्याला काही दिसत नाही आणि शेवट ठरलेला असतो.

याचा सर्वांत चिवट पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूनामोर इथे, मेंढ्यांनी ओरबाडलेल्या रानातला सुमारे चारशे हेक्टरांचा पट्टा अॅडलेड विद्यापीठाच्या टी. जी. बी. ऑस्बर्न यांनी १९२५मध्ये कुंपण घालून मेंढ्यांसाठी बंद केला. ठरलेल्या जागांवरून तीच तीच झुडपं वर्षानुवर्षं मोजली गेली, त्यांचे फोटो काढले गेले. मेंढ्या गेल्या तरी बाभळीच्या कुळातल्या झाडांची पोरं काही मनासारखी वाढेनात, कारण कुंपणाच्या आत ससे होते. १९७०च्या दशकात सशांचा नीट बंदोबस्त झाला तेव्हा कुठे कोवळी झाडं डोकं वर काढू लागली. त्याच मुलखात क्रिस्प आणि लँग यांनी १९७६मध्ये बाभळीच्या कुळातल्या एका झुडपाची वयं तपासली, तर चराईच्या भागात मेंढ्या आल्यानंतरच्या काळातली वयं जवळजवळ गायब होती. खानेसुमारीत म्हातारे सगळे, मधली पिढीच नाही.

देवापुढच्या धुपाची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. इथिओपियातल्या बॉस्वेलिया पॅपिरिफेरा या झाडाचा डिंक शतकानुशतकं चर्चमधल्या उपासनेत जळत आला. झाडाला चिरा देऊन तो काढतात, म्हणून झाडं घटतात असंच सगळ्यांना वाटायचं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिरा दिलेली आणि न दिलेली, दोन्ही प्रकारची झाडं मोजून तक्ते मांडले गेले. दोन्हीकडे घट सारखीच निघाली. दोष वणव्याकडे, चराईकडे आणि खोड पोखरणाऱ्या भुंग्याकडे गेला. असंच चाललं तर पन्नास वर्षांत धुपाचं उत्पादन ९० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. २०१९मध्ये आणखी मोठी पाहणी झाली; पाहिलेल्या समूहांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक ठिकाणी लहान झाडंच नव्हती आणि कित्येक दशकांत नवी पिढी उभीच राहिली नव्हती. ज्याच्या हातात चाकू होता तो गुन्हेगार दिसत होता. खरा प्रकार खाली, टाचेच्या उंचीवर चालला होता.

याच झाडाची सख्खी बहीण आपली सालई. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत ती खडकाळ उतारावर उभी असते. तिचाही डिंक गोळा होतो, तोही धूप म्हणून जळतो. तिची रोपं वणव्यानं आणि तुडवण्यानं वर्षामागून वर्ष जमिनीपर्यंत मरतात आणि मुळातून पुन्हा फुटतात, हे जुन्या वनाधिकाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. २०१९च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून याच अजिंठ्याच्या रांगेतल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा बुलढाणा जिल्ह्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. योग्यच झालं. पण त्याच डोंगरावर अमुक वर्षी सालईचं एकही रोप कमरेएवढं झालं नाही, अशी बातमी कुठला वार्ताहर देणार? जे घडलंच नाही त्याला तारीख नसते.

धर्मपरंपरेनं या ‘न घडण्या’कडे कसं पाहिलं?

वनस्पतीचा विचार सर्वांत बारकाईनं केला तो जैन दर्शनानं. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं तीर्थ आहे, तेव्हा ही परंपरा या भागाला परकी नाही. जैनांच्या लेखी झाड हा स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव. त्यातही दोन भेद: एका शरीरात एकच जीव असलेली ‘प्रत्येक’ वनस्पती आणि एका शरीरात अनंत जीव नांदणारी ‘साधारण’ वनस्पती. कंदमुळं वर्ज्य का, याचं उत्तर या भेदात आहे. गवताचा ठोंब हा एक जीव धरायचा की अनेक, हा प्रश्न जॉन हार्पर यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात विज्ञानाच्या भाषेत मांडला. जैन आचार्यांनी तो कितीतरी आधी आपल्या रीतीनं सोडवून ठेवला होता. या हिशेबात बकरीचा प्रत्येक घास ही हिंसाच.

मात्र इथे प्रत्येक जीवाचं वजन सारखं. मरणारच असलेली नऊशे नव्याण्णव रोपं आणि वारस ठरलं असतं ते हजारावं, यांत फरक करायला या तराजूत जागा नाही. आणि जो जीव जन्मालाच आला नाही, त्याची हिंसा मोजायची कशी? जीव एका योनीतून दुसरीत जातो. एखाद्या रानातली ती योनीच रिकामी झाली तर काय, हा प्रश्न या रूपात त्या काळापुढे आलाच नव्हता. रान अफाट होतं आणि माणसं थोडी.

राजस्थानातल्या बिष्णोई समाजाचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं. १७३०मध्ये खेजडलीला जोधपूरच्या राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली, तेव्हा झाडांना मिठी मारून ३६३ जणांनी प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. हे बलिदान थोरच. पण त्यांच्या २९ नियमांतला दुसराही एक नियम पाहावा: बोकड आणि मेंढे कसायाला न देता त्यांचा कळप ‘अमर’ ठेवायचा. झाड वाचवा आणि बकराही वाचवा. दोन्ही करुणा खऱ्या, दोन्ही एकाच आचारसंहितेत शेजारी शेजारी बसलेल्या, आणि शमीच्या कोवळ्या रोपापाशी येऊन त्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. कुऱ्हाडीपुढे छाती देता येते. वाचवलेल्याच बकऱ्यापुढे कोणी काय द्यायचं?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा पेच डेरेक परफिट यांनी १९८४मध्ये एका भयंकर कल्पनेतून मांडला. हजार छळकर्ते, हजार बंदी. प्रत्येक छळकर्ता बटण दाबून प्रत्येक बंद्याची वेदना इतकी किंचित वाढवतो की ती जाणवूही नये. कोणीच कोणाला ‘जाणवेल असं’ दुखावलेलं नाही आणि हजारही बंदी असह्य यातनेत आहेत. परफिट यांचं म्हणणं असं, की कृतीचा एकेकटा परिणाम शून्यवत असला तरी ती ज्या समूहाच्या कृतींचा भाग आहे त्यांच्या परिणामावरून ती चुकीची ठरू शकते. युक्तिवाद पटतो, पण ई क्लासवर बकऱ्या चारणाऱ्या बाईला तो लावायला गेलं की ओशाळल्यासारखं होतं. छळकर्त्याला बटण दाबण्याची गरज नसते. तिला दूध लागतं, आणि दवाखान्याचं बिल आलं की विकायला एक बोकड लागतो. शेळी ही गरिबाची गाय, हे काही शोभेचं वाक्य नव्हे.

म्हणून पाप घासात शोधणं सोडून द्यावं हे बरं. झाडाला घास नडत नाही, नडतो तो कधीच न मिळालेला विसावा. कोरड्या मुलखातली झाडं दर वर्षी थोडी थोडी वाढवत नाहीत आपली पिढी. अंजनाला भरघोस बी येतं ते काही वर्षांच्या अंतरानं. त्यातही लागोपाठ दोन पावसाळे चांगले गेले तर रोपाचं मूळ उन्हाळा सोसण्याइतकं खाली जातं. असा योग क्वचित जुळतो, आणि कोरड्या प्रदेशांच्या गणिती प्रतिमानांत पुन्हा पुन्हा हेच दिसतं की सगळा खेळ त्या मोजक्या वर्षांवर असतो. त्या वर्षी दिलेला विसावा एरवीच्या दहा वर्षांच्या बंदीला भारी पडतो.

आणि विसाव्याची कल्पना मात्र आपल्या धर्मांना चांगली ठाऊक आहे. विनयपिटकातल्या महावग्गात वर्षावासाचं मूळ सांगितलं आहे: भिक्खू पावसाळ्यातही फिरत, हिरवं गवत तुडवत, एकेंद्रिय जीवांना इजा करत, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धांनी त्यांना तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. जैन साधूंचा चातुर्मासही याच जातीचा. आज विदर्भातल्या गावोगावच्या विहारांत वर्षावासात ग्रंथवाचन चालतं. त्या नियमाच्या मुळाशी पावसाळी अंकुर आहेत, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात असतं कोण जाणे. कोणता जीव मेला हे न मोजता, ज्या दिवसांत जमीन उगवते त्या दिवसांत पाऊल आवरायचं, असा हा नियम आहे. हजारातलं वारस रोप कोणतं हे कळण्याची त्याला गरजच पडत नाही. स्मृतिकारांनी गोचराचा विचार केला तो अंतराच्या मापानं: याज्ञवल्क्यानं गावाभोवती शंभर धनुष्यं जागा सोडायला सांगितली, नगराभोवती चारशे. जागा राखली, काळ राखला नाही. श्रमणांनी काळ राखला. झाडाला दोन्ही लागतं. शिवाय झाडाचा चातुर्मास पंचांगात सापडत नाही. तो कोणत्या साली येईल हे पावसावर आहे.

प्रतिमानाचा आकडा हे भविष्य समजून घाबरण्याचंही कारण नाही. आपल्या पुराणकथांत शापाला बहुधा उःशाप जोडलेला असतो, तसा हा आकडाही सशर्त असतो: असंच चाललं तर. अॅरिझोनातल्या सग्वारो या राक्षसी निवडुंगाबद्दल गेल्या शतकाच्या मध्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी हात टेकले होते. म्हातारे निवडुंग मरत होते आणि कोवळ्यांना सावली देणारी झुडपं गुरांनी संपवली होती. तिथल्या राखीव रानात १९७९मध्ये चराई थांबली. कोवळे निवडुंग पुन्हा दिसू लागले, पुढच्या दुष्काळी वर्षांत पुन्हा रोडावलेही. म्हातारे मरण्यात कडाक्याच्या थंडीचाही हात होता. आकडा खोटा ठरला नाही. त्यातली अट बदलली.

वडनेरसारख्या गावात अट बदलायची म्हटलं की खरी अडचण समोर येते, आणि ती तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नाही. पावसाळ्यात सगळ्या वावरांत पीक उभं असतं. पऱ्हाटी मोकळी नाही, सोयाबीनचं कुटार अजून व्हायचंय. त्या चार महिन्यांत ढोरक्याला जायला ई क्लास आणि धुरेच उरतात. म्हणजे ज्या दिवसांत रोप उगवतं, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्यावर सर्वांत जास्त तोंडं असतात. भिक्खूंना पावसाळ्यात थांबता आलं, कारण त्यांना भिक्षा घालणारं गाव होतं. बकरीला कोण भिक्षा घालणार?

गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये सामायिक कुरणाची शोकांतिका लिहिली तेव्हा त्यांच्या कल्पनेतल्या गुराख्यांना एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची खरी गावं धुंडाळून दाखवलं की माणसं बोलतात, नियम करतात, मोडणाऱ्याला दंड करतात. २००९मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. महाराष्ट्राला त्याचं अप्रूप वाटायला नको होतं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीला लागूनच चराईबंदी आहे. हिवरे बाजारला डोंगरावर मोकाट जनावर सोडायचं नाही, गवत कापून न्यायला मुभा, असा नियम गावानं केला आणि पाळला. विळा हातात असलेल्या माणसाला रोप वगळून कापायला सांगता येतं.

पण कापून आणायला माणूस लागतो. जुलै-ऑगस्टात निंदणाचे दिवस असतात. ज्या बाईच्या चार बकऱ्या दारात बांधायच्या, तिचाच तो मजुरीचा हंगाम. भारा आणायला गेली तर रोज बुडतो. तो रोज कोणी भरून द्यायचा? उतार हिरवा झाला तर ज्यांच्या विहिरीचं पाणी वाढेल ते विहीरवाले? ग्रामपंचायत? की दूर शहरात धूप जाळणारे? सर्वोच्च न्यायालयानं २०११च्या जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं, त्यात हा प्रश्न नव्हता. ग्रामसभेत तो निघेल तर ई क्लासच्या विषयावर निघेल, आणि त्या विषयावर पहिला तास तरी हद्दीच्या खुणा कुठल्या आणि कोणाचं अतिक्रमण किती, यातच जातो.